मशीन बंद करा आणि आधी ऐका

ते ग्रास कटर बंद करा. बंद झाल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. आणि माळीकाकांना कोणीतरी साबण द्या. काका, कोपरापर्यंत हात धुवा, तोंड-मान धुवा, मगच चहा घ्या. तुमचं आजचं काम झालं.

आता बाकीचे सगळे इकडे पार्किंगच्या सावलीत या. मोबाइल खिशात ठेवा. स्वच्छता मोहीम म्हणून ग्रुपवर टाकलेले फोटो आधी काढून टाका, कारण गेल्या तासाभरात तुम्ही या आवारात गाजर गवताची पेरणी केली आहे. तुमच्यातले कितीतरी जण माझ्या वर्गात बसलेले आहेत. बीजप्रसाराचा धडा मी तुम्हाला फळ्यावर आकृत्या काढून शिकवला होता. तो धडा पेपर लिहिण्यापुरता होता का?

मागचा प्लॉट पांढराशुभ्र झाला तेव्हा तुम्हाला जाग आली. पांढरा झाला म्हणजे गवत फुललं. फुललं म्हणजे खालच्या फांद्यांवर बी पिकायला लागलं. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात, एकेक बी जेमतेम दोन मिलिमीटरचं. अशा झाडांवरून तुम्ही फिरतं पातं चालवलंत. ते बी गेटपासून मुलांच्या झोपाळ्यापर्यंत उडालं. तुमच्या बुटांच्या तळांना चिकटलं, मोटारींच्या टायरांच्या खाचांत बसलं, मशीनच्या जाळीत अडकलं. मशीन भाड्याचं आहे, उद्या ते किवळ्याला किंवा मामुर्डीला दुसऱ्या सोसायटीत जाईल आणि आपलं बी तिथे पोहोचवेल. शिवाय मुळं जमिनीतच राहिली. वरून छाटलेल्या बुंध्याला खालून फांद्या फुटतात आणि थोड्याच आठवड्यांत त्यांनाही फुलं येतात. कोणीतरी म्हणालं, बाई, आम्ही दरवर्षी असंच कापतो. ऐकलं मी. दरवर्षी असंच कापता म्हणून दरवर्षी येतं.

पण मला खरा राग आला आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. मशीन जिथे पोहोचत नव्हतं तिथे, भिंतीच्या कडेला, तुम्ही काकांना उघड्या हातांनी गवत उपटायला लावलंत. अर्ध्या बाहीचा शर्ट, तोंडाला काही नाही. तुम्ही स्वतः चार हात लांब उभे होतात. का उभे होतात लांब? खाज सुटते हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून. म्हणजे हे अज्ञानातून झालेलं नाही.

या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पानांवरच्या बारीक लवेत ते असतं, फुलांत असतं. पहिल्यांदा हात लागला तर बहुतेकांना काहीच होत नाही, आणि फसगत होते ती इथेच. शरीर ते द्रव्य ओळखून ठेवतं. एक हंगाम जातो, दोन जातात, आणि मग एखाद्या वर्षी पापण्या सुजतात, मान आणि कोपराच्या खळग्या लाल होतात, कातडी जाड होऊन चिरते. मग झाडाला हात लावायचीही गरज उरत नाही, वाऱ्याबरोबर आलेली वाळक्या पानांची धूळ पुरते. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुण्यातल्या अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत सत्तरच्या दशकातच छापून आलेली आहे, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधी. शेतात, रस्त्याच्या कडेला, बागेत हातांनी काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. तुम्हाला त्रास झाला तर तुम्ही निगडीला स्पेशालिस्टकडे जाल, कंपनीचा विमा बिल भरेल. काकांचं काय? हात सुजले तर त्यांचं काम जाईल. निगडीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात रबरी हातमोजे मिळतात. मेंटेनन्सच्या पैशांतून लॉबीतल्या दिव्यांची झुंबरं आली आणि हातमोज्यांची एक जोडी आली नाही, याची तुम्हाला लाज वाटली पाहिजे.

आता ती अमेरिकेची गोष्ट मला ऐकवू नका. गवताचा विषय निघाला की कोणीतरी ती सांगतंच: अमेरिकेने सडका गहू पाठवला, त्यातून हे आलं, आपण काय करणार. गोष्ट अगदीच निराधार नाही. परदेशी धान्याबरोबर बी आलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. पण तारखा तरी नीट पाहा. पी. एल. ४८० या अमेरिकेच्या धान्य-मदत कायद्याखाली भारताचा पहिला गव्हाचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. हे गवत पुण्यात दिसलं १९५५ मध्ये, आणि १९५६ मध्ये राव नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्याची नोंद छापली. त्याच्याही कितीतरी आधी, १८१४ च्या कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीत या झाडाचं नाव आहे. ते कोणत्या पोत्यातून आलं यावर शास्त्रज्ञ वाद घालतील. आपल्या भिंतीआड या वर्षी उगवलेलं बी कोणा अमेरिकन माणसाने टाकलेलं नाही. गेल्या वर्षी तुम्ही फुलं येईपर्यंत थांबलात, म्हणून ते पडलं. देशभर हाहाकार माजवणारं हे झाड तण म्हणून पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते आपल्या पुण्यात. देहूरोडहून लोकलने गेलं तर तासाच्या आत पुणं येतं. इथल्या माणसाला तर ते सगळ्यांत आधी ओळखता यायला हवं होतं.

आणि तुम्हाला ते ओळखता येत नाही. फुललेलं कोणीही ओळखेल. मला सांगा, पाऊस सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी ते कसं दिसतं? कोणाला सांगता येतंय? तेव्हा त्याला दांडा नसतो. फिकट हिरवी, गाजराच्या पाल्यासारखी खोल कातरलेली पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात, हात फिरवला तर किंचित खरखरीत लागतात, म्हणून हात मोज्यातला असू द्या. ती पानं आजूबाजूच्या रोपांवर सावली धरतात, खालचं काही वर येऊ देत नाहीत. मग मधून उभ्या रेघांचा दांडा निघतो, वर फांद्या फुटतात आणि टोकांना चार-पाच मिलिमीटरची पाच टोकांची पांढरी फुलं येतात. रुजल्यापासून फुलापर्यंत महिनाभर लागतो, पाणी चांगलं असेल तर तेवढाही नाही. आपल्याला काय करायचं ते त्या महिन्यात करायचं असतं. तो महिना तुम्ही झोपून काढलात. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंडीत हेच रोप वाढताना मी पाहिलं. शेवंती समजून त्या त्याला रोज पाणी घालत होत्या. त्याच कुंडीशेजारी त्यांची मिरची आहे, फुलं गळतात अशी त्यांची तक्रार आहे. या गवताचे परागकण मिरची, टोमॅटो, वांगं यांच्या फुलांवर पडले तर फळधारणा कमी होते हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. फुलवाल्यांकडच्या गुच्छात याच्याच फांद्या पांढरी भर म्हणून खोचलेल्या मी पाहिल्या आहेत. ते गुच्छ आपण सत्काराला देतो आणि दुसऱ्या दिवशी कुंपणाबाहेर टाकतो.

ओळख नसल्याचं दुसरं नुकसान अजून मोठं आहे. आज त्या मशीनखाली काय काय गेलं ते मी जाऊन पाहिलं. टाकळा गेला. माका गेला. आघाडा गेला. हरळी मुळापर्यंत खरवडली गेली. गणपती आले की तुम्ही पत्रीसाठी बाजारात जाल आणि माका-आघाड्याची जुडी पैसे देऊन आणाल. ती आपल्या भिंतीलगत फुकट वाढत होती, आणि माळीकाकांना विचारलं असतं तर त्यांनी ती हात धरून दाखवली असती. टाकळ्याचं तर फारच वाईट वाटलं. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते हा भाग सोडा. गाजर गवताशी जागेसाठी झुंजणाऱ्या थोड्या झाडांपैकी तो एक आहे. पावसाच्या सुरुवातीला तो दाट रुजला तर गाजर गवताला ऊन मिळत नाही. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. ती वर्षानुवर्षं सांगते आहे की टाकळ्याचं बी उघड्या जागी टाका. तुम्ही आपणहून उगवलेला टाकळा कापलात. तीच संस्था दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळायला सांगते. म्हणजे हाच आठवडा.

आणि तो भुंगा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. सेक्रेटरी, तुम्ही त्यावर स्प्रे मारत होतात. तो किडा आपल्या बाजूचा आहे. मेक्सिकोतून तो १९८३ मध्ये बेंगळुरूला आणला. आपल्या पिकांना तो अपाय करत नाही ना, याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४ पासून तो मोकळा सोडला. भुंगा आणि त्याच्या अळ्या या गवताची पानं आणि कोवळे शेंडे खातात. पावसाळ्यात तो कामाला लागतो, पाऊस सरला की मातीत शिरून झोपतो आणि पुढच्या पावसात वर येतो. तो एकटा हे गवत संपवू शकत नाही, कारण गवत वर्षभर उगवतं आणि तो चारच महिने जागा असतो. पण जिथे तो भरपूर आहे तिथे झाडं फुलायच्या आत बोडकी होतात. यापुढे पट्ट्यापट्ट्यांचा भुंगा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, स्प्रे तर नाहीच.

मघाशी कोणी तरी तणनाशकाचं नाव काढलं. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये निर्बंध घातले होते, ते कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांकडूनच मारून घ्यायला सांगितलं होतं. आपल्या मागच्या जागेत पोरं क्रिकेट खेळतात. हा विषय संपला.

गेटपाशी लावलेल्या पिवळ्या फुलांच्या वेलीचंही सांगते, कारण ती तुम्ही पैसे देऊन लावली आहे. वेडेलिया. दिसायला सुंदर, पाणी कमी लागतं, नर्सरीवाल्याने सांगितलं आणि तुम्ही घेतली. ती कुंपण ओलांडून नाल्याकडे निघाली आहे, ओल्या जागेत ती दुसऱ्या कशालाही जगू देत नाही. घाणेरीही अशीच शोभेसाठी आली होती, १८०९ मध्ये, कोलकात्याच्या उद्यानात. आज सह्याद्रीच्या उतारांवर तिच्या जाळ्या हटवता हटवता वनखात्याची माणसं थकली. पुण्याच्या टेकड्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉस पसरतो आहे, तोही मेक्सिकोचा. लोक त्यात उभे राहून फोटो काढतात, आणि काही जण त्याचं बी खिशात घालून आणतात. तुमच्यातल्या दोघींनी आणलं आहे, मला ठाऊक आहे. ते बी जमिनीत टाकू नका. घोराडेश्वरला सकाळी चालायला जाणाऱ्यांनी जायच्या आधी बुटांचे तळ घासायचे. आपल्या पायांनी तो डोंगर खराब होता कामा नये.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तुम्ही चाकणला, तळवड्याला, भोसरीला कारखान्यांत काम करता. एखाद्या पार्टमध्ये दोष निघाला तर तुम्ही काय करता? पाच वेळा 'का' विचारता, आणि दोष सुरू झाला तिथपर्यंत मागे जाता. नुसता पार्ट घासून पुढे पाठवला तर साहेब तुम्हाला उभं राहू देणार नाहीत. मग घराच्या मागे हे डोकं का चालत नाही? विचारा. गवत का आलं? बी रुजलं म्हणून. का रुजलं? जमीन उघडी होती म्हणून. का उघडी होती? दोन वर्षांपूर्वी पार्किंग वाढवायला जेसीबीने वरचा मातीचा थर खरवडला म्हणून. त्यावर काय टाकलं? मुरूम. तो कुठून आला? दुसऱ्या कुठल्या तरी खोदकामावरून, ट्रकमधून, बियांसकट. गाडी रिकामी होताना गेटवर उभं राहून त्यात काय आहे हे कोणी पाहिलं? कोणीही नाही.

या सगळ्या पट्ट्यात हेच चाललं आहे. देहूरोडला द्रुतगती मार्ग, कात्रजकडचा बायपास आणि जुना मुंबई रस्ता एकमेकांना जवळजवळ शिवतात. रात्रंदिवस माती, मुरूम, क्रश सँड इकडून तिकडे जाते. जिथे जमीन खणून टाकून दिली जाते तिथे पहिल्या पावसात गाजर गवत हजर होतं. हरळी आणि देशी गवतं दाट असलेल्या जागेत शिरायला त्याला जड जातं. ते उघड्या जागेचा फायदा घेतं. उघडी जागा तुम्ही करता, महिनोन्‌महिने तशीच ठेवता, आणि मग नगरसेवकाला, कँटोन्मेंट बोर्डाला, महापालिकेला फोन करता.

जलपर्णीची गोष्ट याच्याहून कठोर आहे. मार्च-एप्रिलमध्ये रावेतच्या पुलावरून जाताना पवना हिरवीगार दिसते, डास वाढतात आणि तुम्ही महापालिकेच्या नावाने बोटं मोडता. महापालिका ठेकेदार नेमते, यंत्रं येतात, जलपर्णी काठावर येते आणि पुढच्या उन्हाळ्यात नदी पुन्हा भरते. का भरते? ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, तिचं बी गाळात वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. पण तिला एवढं खाऊ कोण घालतं? नत्र आणि स्फुरद. म्हणजे आपला मैला आणि कपड्या-भांड्यांचा साबण. स्वच्छ वाहत्या पाण्यात ती एवढी माजत नाही.

आपल्या सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करायला एसटीपी आहे. तो रात्री बंद असतो. विजेचं बिल वाचावं म्हणून कमिटीच्या बैठकीत ठरवून बंद केला आहे, मी त्या बैठकीत नव्हते, पण मला कळलं आहे. रात्रभर न शुद्ध केलेलं पाणी नाल्यात जातं. आपला नाला पवनेला मिळतो, पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला. देहू, तळवडे, चिखलीकडच्यांचं पाणी इंद्रायणीत जातं आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेत उतरते. भीमा म्हणजे पंढरपूरची चंद्रभागा. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आपल्या देहूरोडवरून आकुर्डीला जाते. तुम्ही रस्त्याच्या कडेला मांडव घालता, वारकऱ्यांना केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटता, म्हाताऱ्या माणसांचे पाय चेपता. ते मी पाहिलं आहे आणि ते तुम्ही मनापासून करता हेही मला माहीत आहे. म्हणूनच हे बोलायचा मला अधिकार वाटतो. ज्यांचे पाय चेपले ती माणसं वीस दिवस चालून ज्या पाण्यात उतरणार आहेत, त्याच पाण्याकडे तुम्ही रात्री व्हॉल्व्ह उघडता. थोड्या वीजबिलासाठी.

खाली बघू नका. इकडे बघा आणि काम ऐका.

उरलेल्या झाडांना आज कोणी हात लावायचा नाही. उद्या सकाळी जमीन ओली असताना, पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे आणि नाकाला कापड बांधून आधी प्रत्येक झाडाचा फुलांचा भाग पोत्यात घालायचा, मग खालून धरून मुळासकट उपटायचं. ज्याला दमा आहे किंवा अंगावर पुरळ उठतं त्याने यायचं नाही, त्याने चहा करायचा. फुललेली झाडं कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत, जाळायची नाहीत. कोपऱ्यात कमरेएवढा खड्डा घ्या आणि वर निदान दोन फूट माती येईल असं पुरा. फुलं न आलेली कोवळी रोपं वेगळी काढा, त्यांचं कंपोस्ट चांगलं होतं. फरशीच्या फटींत आणि गटाराच्या कडेला जिथे उपटणं जमत नाही, तिथे लिटरभर पाण्यात दीड-दोनशे ग्रॅम मीठ विरघळवून पानांवर कोरड्या, उन्हाच्या दिवशी मारा. फक्त तिथेच. मातीत मीठ गेलं तर तिथे पुढे काहीच उगवणार नाही. ग्रास कटर परत करण्याआधी इथेच झटकून, ब्रशने घासून स्वच्छ करायचं, आणि पार्किंग झाडून तो कचराही खड्ड्यात.

आज जे बी उडालं ते परत गोळा करता येणार नाही. ते या पावसातच रुजायला लागेल. म्हणून दर रविवारी मागच्या जागेत फेरी मारायची आणि जमिनीलगतची कातरलेली पानं दिसली की तिथल्या तिथे काढायची. मुलांना बरोबर घ्या, पण काढायचं मोठ्यांनी, मुलांनी फक्त शोधायचं. त्यांची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे, त्यांना आघाडा आणि माकाही मी दाखवीन. दिवाळीनंतर टाकळ्याच्या शेंगा वाळतील, त्या गोळा करून ठेवा. मे महिन्यात बी उघड्या जागी फेकायचं. यापुढे मुरमाची गाडी आली तर सेक्रेटरी स्वतः गेटवर उभे राहतील, ती कुठून आली ते वहीत लिहितील, आणि ती जागा पावसाळ्याआधी हरळीने झाकली जाईल. एवढी हरळी रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या मैदानातून मीच आणून देते.

वेडेलिया या आठवड्यात निघाली पाहिजे, शेवटच्या पेरापर्यंत. एक पेर राहिलं तरी ती परत येते.

आणि एसटीपी. त्याच्या विजेचा खर्च प्रत्येक घरामागे किती येतो ते हिशेब करून नोटीस बोर्डवर लावा, सगळ्यांना दिसू दे. माझा वाटा मी आजच देते. रात्री दहा वाजता मी पंपाच्या खोलीत येणार आहे. मोटार चालू दिसली पाहिजे.